'च'ला काट

तराजूच्या खोलीत चपला काढूनच जावं लागे. देवळातसुद्धा एवढं सोवळं कोणी पाळत नाही, असं पुटपुटत हिप्परगीबाई आपल्या चपला नेमक्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्याला अडतील अशा काढत. सोलापूरच्या विधिप्रवेश मंडळात त्या सव्वीस वर्षं प्रश्न रचत होत्या. कायद्याच्या महाविद्यालयात कोणी शिकायचं हे ठरवणारी परीक्षा त्या प्रश्नांवर उभी होती. उत्तरं तपासून गुण देणाऱ्या यंत्राचं नाव तराजू. पुढल्या वर्षापासून प्रश्नही तोच रचणार होता आणि बाईंना नारळ मिळणार होता.

आज त्यांच्या हातात एक पत्र होतं. मंद्रूपच्या श्रावणी बिराजदार नावाच्या मुलीने गेल्या वर्षीच्या निकालावर हरकत घेतली होती. 'सतरावा प्रश्न मला सुटला होता. तो तुम्ही बाद का केला? आता माझी एकच संधी उरली आहे.'

"सांगा की साहेब, का केला?" त्यांनी संचालकांना विचारलं.

डॉ. सरमोकदम बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान. एके काळी याच परीक्षेत राज्यात पहिले आलेले, आणि ते कोणालाही विसरू न देणारे. "तो उलटा प्रश्न होता, बाई. ज्यांचे एकूण गुण जास्त, तेच त्यात चुकले. ज्यांचे कमी, त्यांनी तो सोडवला. अशा प्रश्नावरून हुशार कोण ते कळत नाही. तराजू त्याला बाहेर काढतो."

"आणि हुशार कोण, हे कशावरून ठरतं?"

"उरलेल्या प्रश्नांवरून."

"म्हणजे नव्याला खोली द्यायची की नाही, हे जुन्या भाडेकरूंनी ठरवायचं."

"यंदापासून तसं नाही," साहेब खुलले. "यंदा तराजू कुठल्याच प्रश्नाला आधीपासून शहाणा मानणार नाही. सगळी उत्तरं एकत्र घेईल. काही प्रश्नांचा आपसांत मेळ बसतो, एक सुटणाऱ्याला दुसराही सुटतो. अशांचा सर्वांत मोठा गट ती मापकाठी. गुण तिच्यावरूनच. तिच्याशी फटकून वागेल तो प्रश्न बाद."

"त्यात बिनगुणी प्रश्नही धरणार?"

"सगळेच धरणार. तुमचे असतात कितीसे!"

बाईंनी मनात हिशेब केला. प्रत्येक प्रश्नपत्रिकेत शंभर प्रश्न जुने, पारखलेले, आणि पंचवीस नवे, नुसते अजमावून बघण्यासाठी घातलेले. ते बिनगुणी. कोणते ते परीक्षार्थ्याला कळत नसे. पण प्रश्नपत्रिकेचे संच आठ होते, जुने शंभर सगळ्या संचांत तेच, आणि हे पंचवीस मात्र दर संचात वेगळे.

"श्रावणीला काय कळवू?"

"माझा आदेश पाठवा. हरकतींची कटकट एकदाची मिटवून टाकलीय मी."

बाई आपल्या खोलीत येऊन सतरावा प्रश्न पुन्हा वाचू लागल्या. 'गावचा नियम आहे की ज्याची पाण्याची पाळी त्यानेच पाट फोडावा. आज पाळी सिद्धप्पाची. तर नक्की खरं काय?' बरोबर उत्तर होतं, 'आज इतर कोणीच पाट फोडू नये.' पहिल्या शंभरांतल्या नव्वदांनी लिहिलं होतं, 'सिद्धप्पा आज बहुधा पाट फोडेल.'

शिकवणीवाले पहिल्याच दिवशी सांगत, पर्यायात 'च' दिसला की काट मारा. 'च' म्हणजे टोकाचं विधान, आणि टोकाचं ते चूक. प्रश्न वाचायचेही कष्ट नकोत. हे खरंही ठरे, कारण 'च'वाला पर्याय बरोबर असलेला एकूण एक प्रश्न तराजूने आजवर उलटा म्हणून फेकला होता. काट मारणारे भराभर पुढे जात. वाचणाऱ्यांची शेवटची पानं कोरी राहत. असे लोक उद्या न्यायाधीश होणार आणि कायदा न वाचता निकाल देणार, या विचाराने बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. सव्वीस वर्षं आपण मूग गिळून बसलो, याचा राग त्याहून मोठा होता.

त्यांनी बाद प्रश्नांची पेटी उघडली. तिच्यातून 'च'वाला पर्याय बरोबर असलेले दोनशे निवडले. आठ संच, दर संचात पंचवीस.

"हे तपासलेले आहेत ना?" सही करताना साहेबांनी विचारलं.

"प्रत्येक प्रश्न एकदा तरी तराजूवर चढून आलाय, साहेब."

सही झाली. साहेबांनी पान उलटलंसुद्धा नाही.

परीक्षा पार पडली. निकालाच्या सकाळी सरमोकदम तराजूसमोर घामाघूम उभे होते. यंत्राने दोन गट शोधले होते. एक शंभराचा, एक दोनशेचा. मोठा तो मापकाठी झाला. त्याच्याशी फटकून वागणारे जुने शंभरच्या शंभर प्रश्न उलटे ठरून बाद झाले. आठही संचांची काठिण्यपातळी जुळवून गुणही लावून झाले होते.

"हे तुम्ही केलंत?"

"मीच."

"फसवणूक आहे ही!"

"एक उत्तर बदललं नाही, एक गुण हलवला नाही. नियम तुमचा, सही तुमची. माझे फक्त प्रश्न."

बाईंनी यादीवरून बोट फिरवलं. श्रावणी बिराजदार चौथ्या पानावर होती. प्रवेश पाचव्या पानापर्यंत होते. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते साहेबांना दिसले याची त्यांना मुळीच लाज वाटली नाही.

"मी निकाल रोखतो," सरमोकदम म्हणाले. "संचालक म्हणून निर्णय मी घेईन."

बाईंनी पिशवीतून कागद काढला. श्रावणीला धाडलेल्या आदेशाची प्रत. "तेवढं वाचून दाखवा, आणि मग खुशाल रोखा."

साहेबांनी घाईघाईने वाचलं, "निकालाबाबत अंतिम निर्णय तराजूचा राहील. बरं, मग? यात संचालकाला मनाई कुठे आहे?"

"गाळू नका, साहेब. सवय आहे तुम्हाला, ठाऊक आहे मला. पुन्हा वाचा."

राज्यात पहिल्या आलेल्या माणसाने कागद डोळ्यांजवळ धरला आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

"तराजू... चाच."