फुली मारलेलं दार

बसा असे जवळ. दिवे आता सकाळशिवाय येत नाहीत, आणि सारखा तो मोबाइल बघून तुम्ही बॅटरी मात्र संपवाल. घर सोडायचं की नाही यावरून संध्याकाळपासून तुमचं जे काही चाललंय, ते मी ऐकतोय. माझं मत मी देणार नाही. माझ्या ओळखीतल्या एकाचं काय झालं तेवढं सांगतो, मग तुमचं तुम्ही ठरवा.

मी शाळेत क्लार्क होतो तेव्हा शाळेच्या बसवर एक ड्रायव्हर होता. पोरं त्याला हळूमामा म्हणायची, कारण सायकलवालेसुद्धा त्याच्या बसला मागे टाकून जायचे. चिडायचा नाही. म्हणायचा, "उशीर केला तर बाई रागावतील, घाई केली तर आया रडतील." रोज शेवटचं पोरगं उतरलं की तो बसच्या मागच्या सीटपर्यंत चालत जायचा, एखादं झोपून राहिलंय का बघायला. पंधरा वर्षांत एक दिवस चुकला नाही.

तर तेवीस तारीख, मंगळवार. पहाटे चारला चक्रीवादळ किनाऱ्याला लागणार असा अंदाज होता. धक्क्याजवळची वस्ती रिकामी करून माणसं टेकडीवर आमच्या शाळेत आणायची होती, आणि सकाळी सहापासून हळूमामा फेऱ्या मारत होता. सीट लहान मुलांच्या. मोठी माणसं गुडघे हनुवटीला टेकवून बसायची, मांडीवर गाठोडी घेऊन. एका बाईनं तर शिलाई मशीनच कवटाळून आणलं होतं. घर रिकामं झालं की दारावर खडूनं फुली मारायची असं ठरलं होतं. फुली दिसली की मागून येणारे बचावपथकवाले तिथे थांबायचे नाहीत, पुढे जायचे.

हळूमामाचं स्वतःचं घरही तिथलंच. धक्क्याच्या गल्लीच्या टोकाला. घरात बायको आणि म्हातारे वडील. वडील दोन वर्षं अंथरुणावर होते. कमरेखाली काहीच कळत नव्हतं, सुई टोचली तरी नाही. मागच्या वर्षी तीनदा वादळ येणार म्हणून त्यांना उचलून शाळेत आणलं, आणि तिन्ही वेळा वादळ भलतीकडेच गेलं. तिसऱ्या वेळी त्यांचं अंथरूण ओलं झालं, चारचौघांत, शेजारीपाजारी बघत असताना. त्या रात्री म्हातारे भिंतीकडे तोंड करून रडले. त्यानंतर एकच धोशा होता. "मला इथं काहीही होऊ दे, पण त्या शाळेत परत नेऊ नकोस." शेवटी हळूमामानं तसा शब्दही दिला होता.

आता सांगा, काय करायचं मुलानं? दुपारी तो घरी जाऊन आला. बायको म्हणाली, "अहो, काहीतरी एक ठरवा. माझ्याच्यानं आता दोन्हीकडची बोलणी ऐकवत नाहीत."

"बाबा नाही म्हणतायत ना?"

"ते नाहीच म्हणणार. तुम्ही काय म्हणताय?"

तो इतका दमला होता की त्याला काहीच म्हणवेना. सकाळपासून तीनदा पथकवाले दार ठोठावून गेले होते, तीनदा वडिलांशी वाद झाला होता. शेवटी त्यानं बायकोला सांगितलं, "पुढच्या फेरीत येतो. तेव्हा बघू." आणि बाहेर पडताना खिशातला खडू काढून स्वतःच्याच दारावर फुली मारली. पुन्हा कुणी त्रास द्यायला नको म्हणून. एवढंच त्याच्या मनात होतं.

पुढची फेरी झाली. तिच्या पुढचीही झाली. तो घरी गेलाच नाही. गेलं की ठरवावं लागलं असतं.

रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी तो शेवटच्या फेरीला निघाला. पाऊस आडवा लागत होता. धक्क्यावरच्या बर्फाच्या कारखान्यातले कामगार तेवढे आणायचे राहिले होते. ते आठ जण चढले. सवयीप्रमाणे त्यानं मोजले. बस वळवून गल्लीच्या तोंडाशी आला, तर दिव्याच्या उजेडात एक बाई उभी. हातात बोचकं. त्यानं दार उघडलं. ती चढली, सगळ्यांत मागे जाऊन बसली. "नऊ," हळूमामा मनात म्हणाला.

टेकडीचा रस्ता चढताना कामगार पेंगायला लागले. आणि मागून, अगदी मागून, आवाज आला.

"तुमचं कुणी राहिलंय का खाली?"

साधा आवाज. बसमध्ये शेजारीण विचारते तसा.

"नाही," तो म्हणाला. का खोटं बोलला, त्याचं त्यालाही कळलं नाही.

एक वळण मागे पडलं. मग...

"मलाही एकानं सांगितलं होतं. पुढच्या फेरीत येतो म्हणून."

वारा काचेवर आपटत होता. एवढ्या वाऱ्यात, बसच्या दुसऱ्या टोकावरून, इतक्या हळू बोललेलं ऐकू कसं येतंय... हे त्याला तेव्हा सुचलं.

"मग?"

"मी उभी राहिले. वाट बघत."

"...मग?"

"मग पाणी आलं."

त्यानं आरशात बघितलं. आरशात कामगारांची डोकी. त्यांच्या मागे अंधार.

"फुली मारलेल्या दाराशी," ती म्हणाली, "कुणी थांबत नाही हो."

शाळा येईपर्यंत त्यानं आरशाकडे बघितलं नाही.

दारात रजिस्टर घेऊन मीच बसलो होतो. एकेक जण आत गेला, मी नावं लिहून घेतली. "आठ," मी म्हणालो.

"नऊ."

"अरे, आठच उतरले. हे बघ."

त्यानं रजिस्टर बघितलं नाही. टॉर्च घेऊन तो परत बसमध्ये चढला. मी दारातून बघत होतो. रोज जायचा तसाच गेला. एकेक सीट बघत. हळू. शेवटच्या सीटपाशी थांबला. टॉर्च खाली केला. उभाच राहिला.

"काय रे?" मी विचारलं.

त्यानं हात पुढे करून सीटला लावून बघितला.

"कोण आहे?"

"कोणी नाही..."

मी वर चढलो. सीटवर पाणी साचलं होतं. पावसात भिजलेला माणूस उठून गेला की राहतं, तेवढं नाही. सीट भरून, काठोकाठ. खाली टपटप गळत होतं. समुद्राचा वास होता त्याला.

हळूमामा माझ्याकडे वळला. त्याचं तोंड मी आजही विसरलो नाही. "माझे बाबा घरात आहेत," तो म्हणाला. "आणि बायकोही. दारावर फुली मीच मारली. तिथं कुणीसुद्धा जाणार नाही." आणि मोठा माणूस, ढसाढसा रडायला लागला. मी त्याला धरायला पुढे झालो, तोवर तो ड्रायव्हरच्या सीटवर होता.

त्या रात्री पहिल्यांदा हळूमामानं गाडी जोरात हाणली.

गल्ली अरुंद. बस आत जात नाही. तोंडापासून घर दोनशे पावलांवर. पाणी घोट्यापर्यंत आलेलं. बायको दारातच उभी होती, औषधांची पिशवी खांद्याला लावून, तयार. म्हातारे मात्र ओरडायला लागले. "नको! तिथं नको! तू मला शब्द दिलास!"

"शब्द मोडला, बाबा," तो म्हणाला. "पुढे आयुष्यभर शिव्या घाला."

त्यानं त्यांना पाठुंगळी घेतलं. ते आधी पाठीत गुद्दे मारत होते. मग थांबले. दिवसभराचं दमलेलं शरीर, पाठीवर जिवंत ओझं, समोरून वारा. शंभर पावलं झाली. गुडघे वाकले. त्याला वाटलं, संपलं. आता दोघंही पडणार.

तेवढ्यात... ओझं हलकं झालं.

मागून कुणीतरी वडिलांचे पाय उचलून धरले होते. बायकोच असणार. त्यानं मागे बघितलं नाही. बघायला ताकदच नव्हती. तो चालत राहिला. मागे पाण्यातून पावलं वाजत होती. त्याच्या पावलाला पाऊल... बसपर्यंत.

पाऊणला ते शाळेत पोचले. साडेतीनला वादळ लागलं. ते काय होतं हे मी सांगत बसत नाही, अजून चार तासांत कदाचित तुम्हीच बघाल. सकाळी वारा पडल्यावर माणसं खाली जाऊन आली. हळूमामाच्या घराची समुद्राकडची भिंत आत पडली होती, नेमकी वडिलांच्या पलंगावर.

आम्ही तिघं व्हरांड्यात बसलो होतो. हळूमामा बायकोला म्हणाला, "तू मागून बाबांचे पाय धरलेस म्हणून निभावलं. नाहीतर मी तिथंच बसलो होतो."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "मी कुठं धरले? मी तर आधीच पळत पुढे गेले ना, बसचं दार उघडायला. दारात तुम्हाला हात दिला की."

तो उठून आत गेला, आम्हीही मागोमाग.

आत म्हातारे जागे झाले होते. भिंतीकडे तोंड नव्हतं त्यांचं. छताकडे बघत होते. सून जवळ गेली तशी म्हणाले, "पोरी, रात्री हात किती गार होते गं तुझे."

"कुठं लागले बाबा, हात?"

"पायाला."

दोन वर्षांत त्या पायांना काही लागलं नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. हळूमामानं पांघरूण काढलं. मी तिथंच उभा होतो, ऐकीव सांगत नाही. दोन्ही घोट्यांवर हाताचे ठसे होते. चार बोटं आणि अंगठा, स्वच्छ, पांढरट. मी ओलं फडकं घेऊन घासलं. गेले नाहीत. सुनेनं आपला हात त्यावर ठेवून बघितला. बोटं जुळली नाहीत.

म्हातारे पुढे तीन वर्षं जगले. ठसे तसेच होते. डॉक्टर तपासायला आले की पायाला टाचणी टोचून बघायचे, आणि म्हातारे मान हलवायचे, काही कळत नाही म्हणून. तेवढ्या त्या दोन जागी मात्र त्यांना शेवटपर्यंत गार लागत होतं.