"दगडी दिव्यांपाशी कोणी नाही!" सहलीचा गाईड येऊन म्हणाला.

"एकोणतीस!" पाळक सेगावांनी बसच्या दारात तिसऱ्यांदा डोकी मोजली. "अजून एक कमीच! इनागाकी बाई कुठं आहेत?"

चर्चच्या सहलीतली सगळी इकडेतिकडे बघू लागली. इनागाकी बाई म्हणजे चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या.

गाईड कुरोइवाने पिवळा झेंडा काखोटीला मारला. "सगळीकडे बघून आलो, साहेब. म्हातारं माणूस, गेलं असेल भरकटत! आणि खरं सांगू? त्यांच्याबरोबर राहायचं काम या पोरीचं होतं!"

त्याचं बोट चिझुरूकडे होतं. तिचे कान तापले. 'तू हो पुढं, बाईंना मी आणतो,' असं चढाच्या पायथ्याशी यानेच तर सांगितलं होतं! खोटारडा! चार वर्षं ती बाईंकडे ऑर्गन शिकत होती. ती त्यांना टाकून जाईल?

"पण मी..."

"आता सबबी नकोत!" कुरोइवा गरजला. "तळ्याकडे शोधा सगळे. वर दगडी दिव्यांच्या वाटेला मी दोनदा जाऊन आलोय."

मोठी माणसं लगबगीने तळ्याकडे निघाली. तिच्या दांडग्या मित्राने, रेइजीने, चिझुरूची बाही ओढली.

"त्याचे बूट बघितलेस? रात्री एवढा पाऊस झालाय. आपले बूट चिखलाने लडबडलेत आणि त्याचे चकाचक!"

"म्हणजे तो वर गेलाच नाही!" चिझुरूचा धाकटा भाऊ तासुकु ओरडला.

"हळू रे, भोंग्या! चला!"

तिघं बागेतल्या मोकळ्या हरणांमधून वाट काढत चढावर धावले. दिव्यांच्या रांगा संपतात तिथल्या देवदाराखाली, एका दगडावर इनागाकी बाई बसल्या होत्या. घोटा सुजून टम्म झालेला.

"आलात एकदाचे! या हरणाने माझी गाण्यांची वही खाल्ली!"

"बाई, तुम्ही इथं कशा राहिलात?"

"पाय मुरगळला. त्या झेंडेवाल्याला वरून ओरडून सांगितलं, तर तो खालच्या फरशीवरूनच फोनवर खिदळत 'हो हो, आलोच' म्हणाला आणि गेला. तास झाला त्याला!"

"त्याच्या खिशात हरणांची बिस्किटं कोंबू या! हरणं फाडून खातील त्याला!" तासुकुने मुठी वळल्या.

"नको," चिझुरू म्हणाली. तिचा आवाज थंडगार होता. "त्याने सगळ्यांसमोर माझ्यावर ढकललं. आता सगळ्यांसमोरच त्याची जिरवायची."

तिने बेत सांगितला. बाईंचे डोळे लकाकले. "मला पसंत आहे. पाळकांना मात्र सांगू नका हं, मी असं म्हणाले!"

रेइजीने बाईंना पाठुंगळी घेतलं आणि बसच्या मागे आणून बसवलं. तळ्याकडून मंडळी हताश होऊन परतत होती. चिझुरू खाली मान घालून कुरोइवासमोर उभी राहिली.

"चुकलं माझं, कुरोइवासाहेब. पण दिव्यांपाशी तुम्ही नीट बघितलंत ना?"

"नीट? एकेक दिवा बघितला! चिटपाखरू नव्हतं!"

"आणि देवदाराखालच्या दगडावर?"

"अगं, त्याच दगडावर तर मी बसलो, दम खायला!"

"मग माझ्या मांडीवरच बसला असशील!" बसमागून खणखणीत आवाज आला.

रेइजीच्या खांद्याला धरून बाई लंगडत पुढे आल्या. कुरोइवाच्या हातातला झेंडा गळून पडला. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळीच हसत सुटली. पाळक मात्र हसले नाहीत. बाईंकडून त्यांनी सगळी हकिगत ऐकली, कुरोइवाचे कोरडे बूट बघितले आणि चिझुरूकडे बोट करून ते त्याला म्हणाले,

"आधी बाईंची माफी माग. मग हिची."

कुरोइवा बाईंपुढे वाकला, मग बारा वर्षांच्या पोरीपुढे कमरेत वाकला आणि काहीतरी पुटपुटला.

"चिझुरू, माझंही चुकलं," पाळक म्हणाले. "तुझं न ऐकताच मी त्याचं खरं मानलं. तुम्ही तिघं नसतात तर बाई अजून वरच बसल्या असत्या. शाबास! आता याला क्षमा करशील ना?"

चिझुरूने बाईंच्या सुजलेल्या घोट्याकडे बघितलं. मग वाकलेल्या कुरोइवाकडे.

"करीन," ती म्हणाली. "पण त्यांना जरा मोठ्याने म्हणायला सांगा. बसमधल्या मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं नाही!"