सीडीवरचं गोल वर्तुळ

"आम्ही नाही पाडली ती!" ठमी चौथ्यांदा ओरडली.

"मग चरा काय आकाशातून पडला?" काका गुरगुरले. "सुट्टी लागली की माझ्या दुकानात नुसता धुडगूस!"

काकांचं रेडिओ-दुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. टेबलावर आत्याची सीडी उताणी पडली होती. घशाच्या ऑपरेशननंतर आत्याचं गाणं सुटलं होतं. तिचा जुना आवाज उरला होता तो फक्त या सीडीत! पाच वाजता तिच्या शिष्या तो ऐकायला येणार होत्या, आणि सीडी तर तिसऱ्या गाण्यावर अडकत होती. आत्या आत बसून त्याच त्या चादरींच्या पुन्हा पुन्हा घड्या घालत राहिली. ते बघून ठमीला रडूच आलं.

"चहा घेऊन आलो की घासतो पॉलिशच्या चाकावर," काका म्हणाले. "पितळ चकाकतं, मग हिला काय धाड भरलीये?"

काका आत गेले मात्र, ठमी, लंबू आणि चिंगी टेबलाभोवती गोळा झाली.

"चाकावर?" लंबूने कपाळावर हात मारला. "गाण्याचा भुगा होईल!"

ठमीने सीडी खिडकीशी धरली. "अरे, हा चरा बघ! कंपासने काढल्यासारखा गोल! पडून असा येईल का?"

"म्हणजे फिरता फिरता घासली!" लंबू म्हणाला.

प्लेअरच घासतो का बघायला त्याने काकांची एक जुनी जाहिरातींची, दिसायला तशीच सीडी त्यात घातली. ती सुरळीत वाजली. आता?

"काका मारतात ना त्याला," धाकटी चिंगी म्हणाली.

खरंच की! काही अडलं की काकांकडे औषध एकच, धपाटा. चिंगीने प्लेअरला एक सणसणीत ठेवून दिली. खर्रर्र! सीडी बाहेर काढली, तर तिच्यावरही तस्संच गोल वर्तुळ!

"हीच ठेव आत्याच्या डबीत," ठमी कुजबुजली. "घासू दे त्यांना खुशाल!"

तिघं खरी सीडी घेऊन न्हाणीघरात पळाली.

"पांढरी टूथपेस्ट घे, जेलवाली नको," लंबू भराभर सांगत होता. "मधून कडेकडे, सरळ. गोल फिरवलंस तर मेलो!"

चिंगीने मऊ बनियन आणला. ठमीने हलक्या हाताने पेस्ट चोळली, सीडी धुतली, पुसली. चरा होता तिथेच. पुन्हा चोळली. साडेचार वाजले. बाहेर चाक घरघरायला लागलं. ठमी थांबली नाही. तिसऱ्या धुण्यानंतर चरा पुसट दिसला.

इतक्यात बाहेरून काकांचा आवाज आला. "गेली! मीच घालवली!" काका डोकं धरून स्टुलावर बसले होते. हातातली सीडी दुधी काचेसारखी झाली होती.

"काका, ती तुमची जाहिरातींची आहे," ठमी धापा टाकत म्हणाली. "आत्याची ही! आणि चरा तुमच्या धपाट्याने पडलाय. आम्ही करून पाहिलं."

काकांनी प्लेअरकडे पाहिलं, मग स्वतःच्या पंजाकडे.

पाच वाजता खोली भरली. पहिलं गाणं, दुसरं... तिसरं सुरू झालं, आणि एका ओळीवर सीडी अडखळली! एकच सूर, पुन्हा पुन्हा. काकांचा हात सवयीने वर गेला.

"काका!!!" तिघं किंचाळली.

काकांनी हात खिशात कोंबला. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. घोगरा, चिरका, पण सुरात. अडलेली ओळ आत्या स्वतः म्हणत होती! ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. तिची ओळ संपेपर्यंत सीडीही पुढे सरकली, आणि दोन्ही आवाज सोबत चालू लागले.

गाणं संपल्यावर काकांनी तिघांना जवळ ओढलं. "शाब्बास रे वाघांनो! उगाच तुमच्यावर ओरडलो. आता हिच्या दोन प्रती काढा, आणि माझा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा."

"आणि तिसरं गाणं?" लंबूने विचारलं. "ते अजून अडकतंय."

"राहू दे तसंच," आत्या पुटपुटली. "तेवढं मी म्हणेन."