पुन्हा आणाल?

प्रयोगशाळेत नेहमी पानं आणून देणारे गृहस्थ आजारी पडले म्हणून त्या दिवशी तो आला. बुटांना चिखल, हातात बर्फाचा डबा, आणि दारातूनच विचारतो कसा, "पानं मोजतात ते इथंच का?"

"पानं नाही, पानांतला डीएनए," तिने चष्म्यावरून पाहिलं. "आणि आधी बूट काढा."

तो मनापासून हसला... आणि तिथंच तिचं सगळं बिघडलं.

डोंगरमाथ्यावरच्या थंडीत कोणती रानफुलं तग धरतात, याचा शोध चालला होता. तो ताजी पानं आणायचा. ती पात्याने बारीक चिरून यंत्रात घालायची आणि पेशीत किती डीएनए आहे ते मोजायची. एका जांभळ्या कंदफुलाचा आकडा इतरांच्या कितीतरी पट आला. पहिल्याच फटक्यात, अगदी स्वच्छ!

तिने फोन उचलला. "पानं कोमेजली हो... पुन्हा आणाल?"

एवढं धडधडीत खोटं ती जन्मात बोलली नव्हती. कान नुसते तापले.

तो आला. पुढच्या आठवड्यात पानं पुन्हा "कोमेजली". पुन्हा आला. चहा पिता पिता म्हणाला, "एवढा डीएनएचा पसारा पोटात घेऊन हे फूल सगळ्यांच्या आधी फुलतं कसं?"

"एवढ्या डीएनएची नक्कल करायची, म्हणून याच्या पेशी फार सावकाश तयार होतात. मग हे फूल त्या आदल्या वर्षीच करून कंदात ठेवतं. थंडी ओसरली की त्यांत फक्त पाणी भरायचं."

"म्हणजे आत सगळं तयार... नुसतं बाहेर यायचं बाकी?"

तिने पुसलेलीच बशी पुन्हा पुसली.

मग एका दुपारी तो रिकाम्या हातांनी आला. "फूल जमिनीखाली गेलं. आता पुढच्या वसंतापर्यंत पान नाही. आणि माझी बदली झाली – लांब. उद्या निघतो. तुमचा आकडा मात्र मिळायचा राहिला."



"राहिला नाही," ती कशीबशी म्हणाली. "पहिल्याच वेळी मिळाला होता. तुम्ही यावं म्हणून मी... मला तुम्ही आवडता."

"माहीत आहे. आकड्याचं, म्हणजे. तुमच्या सरांनी तेव्हाच सांगितलं होतं. म्हणूनच तर चहा पिताना 'एवढा पसारा' म्हणून गेलो."

"मग तो उभा चढ पुन्हा पुन्हा कशाला चढलात?"

"तुम्ही बोलावलंत ना."

तिला हसू आलं आणि रडूही. त्याचं जाणं काही टळणार नव्हतं.

दारात बूट घालताना तो म्हणाला, "वसंतात येतो. पानं घेऊन."

"ताजी आणा," डोळे पुसत ती म्हणाली. "तरी कोमेजतीलच, आत्ताच सांगून ठेवते."