तिळाएवढा डाग

रुमालाची घडी उलगडून त्याने काउंटरवर ठेवलं, ते मला आधी कानातलंच वाटलं. दोन पोकळ पितळी गोळे, मध्ये बारीक पट्टी.

“मोटारसायकलचा फ्लोट आहे,” तो म्हणाला. “कार्बोरेटरमध्ये हा तरंगला की पेट्रोल थांबतं. आता बुडतोय, म्हणून पेट्रोल रस्त्यावर. मेकॅनिक म्हणाला, एवढं नाजूक काम चष्म्याच्या दुकानातल्या ताईच करतील.”

“ताई?”

“तो म्हणतो. मी म्हणायलाच हवं असं नाही.”

मागे भिंग घासणाऱ्या बाबांना उगाच खोकला आला.

तो गुरांचा डॉक्टर. डोंगरापलीकडच्या वस्त्या गाठायला काकांची ही जुनी गाडी तेवढी होती. नवा फ्लोट कुठे मिळेना. अख्खा कार्बोरेटर बदलायचा तर घोड्यापेक्षा नाल महाग. नाहीच जमलं तर बदली मागून तो परत जाणार होता.

त्याने फ्लोट माझ्या कानाशी हलवला. आत पेट्रोल डुचमळलं... छिद्र मात्र दिसेना.

“गरम पाणी आहे? त्यात आतली हवा फुगून बाहेर पडेल.”

काचेच्या वाडग्यात त्याने फ्लोट बुडवून धरला. आम्ही दोघं वाकलो. आणि — एका गोळ्याच्या कडेवरून बुडबुड्यांची माळ वर निघाली, मोहरीहून बारीक, एकामागून एक. मी श्वास रोखून पाहत राहिले. दहा वर्षं भिंगातून बघतेय, पण न दिसणारी गोष्ट अशी आपणहून जागा सांगते, हे मला ठाऊक नव्हतं. मान वर केली, तर तो माझ्याकडे बघत होता.

“पाण्यात बघा,” मी म्हणाले.

“बघतोय की.”

आत थेंबभर पेट्रोल राहिलं तर आच लागताच फुटेल. म्हणून छिद्र सुईने जरा मोठं करून पेट्रोल काढलं, आणि फ्लोट चार दिवस खिडकीत ठेवला. चारही दिवस तो “वाळला का?” विचारायला आला.

पाचव्या दिवशी आत वाससुद्धा उरला नव्हता. मी डाग द्यायची सोल्डरिंगची सळई तापवली. त्याने चिमट्यात फ्लोट धरला.

“तिळाएवढाच डाग द्या. जड झाला तर बुडेल.”

चष्म्याच्या काड्या जोडते तसाच सळईच्या टोकावरचा थेंब मी छिद्रावर टेकवला. डाग बसला. पुन्हा गरम पाणी. एकही बुडबुडा नाही. फ्लोट अलगद तरंगत राहिला.

दुपारी दारातच त्याने तो बसवला. गाडी सुरू झाली. खाली ठेवलेला कागद कोरडाच. तरी तो निघेना.

“एक सांगू?... सकाळपासून वाटत होतं, गळत राहिली तर बरं. उद्या यायला कारण राहील.”

“यायला कारण लागतं?” मी म्हणून गेले, आणि कान तापले.

“मग... उद्या येऊ?”

आतून बाबा म्हणाले, “उद्या रविवार. दुकान बंद असतं.” मग जरा थांबून — “घर उघडं असतं.”