सर्वांत वरची जखम

तो पहिल्यांदा आमच्या दारात आला, तेव्हा त्याच्या कपाळातून रक्त गळत होतं आणि तो हसत होता.

"वैद्यबुवा आहेत का?"

"बाबा बाहेर गेलेत. बसा, मी बांधते."

"पट्टी वाकडी बसतेय."

"तुम्ही बोलायचे थांबलात तर सरळ बसेल."

किलियन सुऱ्या घडवणाऱ्याकडे कारागीर होता आणि आउग्सबुर्गच्या तलवारशाळेत शिकत होता. मग दर आठवड्याला त्याला कुठे ना कुठे खरचटू लागलं. एकदा तर नुसतं बोटच पुढे केलं.

"याला काहीच झालेलं नाही."

"नीट बघ ना... जरा जवळून."

त्या संध्याकाळी प्रार्थनेत त्याचं नाव आपसूक ओठांवर आलं. मी लाजले, पण मागे घेतलं नाही.

लिंडनच्या झाडांना मोहर यायचे दिवस होते. रविवारी शाळेचे मोठे सामने भरले. आमच्याकडे जिंकण्याचा नियम साधा — ज्याने समोरच्याच्या अंगावर सर्वांत वर रक्त काढलं, त्याच्या गळ्यात फुलांचा हार. किलियन जिंकला, तर गुरुजी त्याला शाळेत मदतनीस म्हणून ठेवून घेणार होते. हरला, तर पहाटेच्या तराफ्याने तो व्हिएन्नाला नशीब काढायला जाणार होता.

जखमा तपासायचं काम बाबांचं. पण त्यांची नजर मंदावल्यापासून सगळे माझाच शब्द मानत.

शेवटच्या लढतीत किलियनने प्रतिस्पर्धी लिओनहार्टची भुवई फोडली. लोक ओरडले. तेवढ्यात लिओनहार्टचा वार किलियनच्या दाट केसांत बसला.

"आफ्रा, रक्त आहे?" गुरुजींनी विचारलं.

मी पांढरं फडकं केसांवर ठेवलं. तसंच हलकेच उचललं असतं तर पांढरंच राहिलं असतं... किलियन खाली मान घालून बसला होता. त्याचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता. एकच शब्द — आणि तो इथेच राहिला असता.

मी दाबलं. फडकं लाल झालं.

"आहे," मी म्हणाले.

हार लिओनहार्टच्या गळ्यात पडला. किलियनने पट्टी बांधून घेतली आणि मागे न बघता निघून गेला.

दिवस मावळताना दार वाजलं. तोच होता, हातात टोपी.

"रागावलात?" मी विचारलं.

"रागावलो होतो... नदीच्या पुलापर्यंत." तो बाबांकडे वळला. "वैद्यबुवा, तुमच्यादेखत एक विचारू? जी माझ्यासाठीसुद्धा खोटं बोलत नाही, तिचंच उत्तर मला हवंय. आफ्रा — मी जावं असं वाटतं तुला?"

"नाही."

"का?"

बाबा तस्त घासत होते. घासायचे थांबले.

"कारण... तुम्ही मला आवडता."

बाबांनी तस्त बाजूला ठेवलं. मग ते खाकरले.

"तराफेवाल्यांना सांगून ये, एक माणूस कमी धरा म्हणावं. आणि जेवायला इकडेच ये."

किलियन टोपी तिथेच टाकून धावत सुटला.

"अरे हळू!" बाबा मागून ओरडले. "पट्टी सुटेल!"