गणित कोण बघतं?

आन्सेल नूडसन मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या पँटचे दोन्ही खिसे बाहेर लोंबत होते आणि एक जाडजूड बाई त्याच्या कानामागे वाकून बघत होती. डेंटलच्या प्रवेशपरीक्षेला असंच आत सोडतात. कानामागे कोणी रसायनशास्त्र लपवून आणलं तर? रांगेत त्याच्यामागे मी. बाह्या वर सरकवताना माझी नजर त्याच्याकडे गेली आणि तो हसला. खिसे अजून लोंबतच होते... आणि तरीही तो चांगला दिसत होता. हा खरं तर अन्याय आहे.

विज्ञान झालं, कोन आणि ठोकळे झाले, मग मधली सुट्टी. उरलं होतं वाचन आणि सगळ्यात शेवटी गणित. मी पाण्याच्या नळाशी उभी, तेवढ्यात नाकासमोर अर्धं सँडविच आलं.

"घे. लिव्हर सॉसेज, वर कांदा."

"परीक्षेच्या दिवशी कांदा? शेजारी बसणाऱ्याने काय करायचं?"

"म्हणून तर अर्धं तुला देतोय. शेजारी तूच आहेस."

मी घेतलं. भूक लागली होती, इतकंच. मी हेडी शिमान्स्की, तो आन्सेल, दोघंही मिलवॉकीचेच, मी दक्षिणेकडच्या गुत्तेवाल्याची मुलगी आणि तो तळ्याकाठचा, एवढं घास गिळता गिळता कळलं.

"गणिताचं काय ठरवलंयस?" त्याने विचारलं.

"त्यात ठरवायचं काय? सोडवणार."

"सगळं?" त्याने डोळे असे मोठे केले की जणू मी आमचं समुद्राएवढं तळं पोहून पलीकडे जाणार म्हणाले होते. "अगं, गणित कोण बघतं! माझा काका आयुष्यभर दात काढतोय. म्हणतो, बत्तीसपर्यंत मोजता आलं की झालं. मी तर सगळीकडे 'सी' मारून शांत बसणार."

"आणि लाज?"

"अजून तरी वाटली नाहीये," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघतच राहिला... जरा जास्तच वेळ. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात मोहरी लागली होती. सांगावं की न सांगावं — मी ठरवतच होते, तेवढ्यात ती कानवाली बाई ओरडली, "चला राघू-मैना, सुट्टी संपली!"

वाचन नीट गेलं. मग गणिताचा पहिला प्रश्न आला: दोन रंगारी मिळून एक भिंत रंगवतात. मला गणित येतं हो! शाळेपासून येतं. पण त्या दिवशी त्या दोन रंगाऱ्यांच्या जागी मला भलतेच दोघे दिसायला लागले. डोकं शिणलेलं, बोटं गार... आणि कानात एकच — कोण बघतं? मी 'सी' दाबलं. मग पुन्हा 'सी'. शेवटपर्यंत 'सी'. पलीकडच्या कप्प्यात कोणीतरी कच्च्या आकडेमोडीला दिलेल्या छोट्या फळ्यावर पेन करकर ओढत होतं. बिच्चारा, मी मनात म्हटलं.

निकालाचा कागद तिथल्या तिथे हातात देतात. गाड्यांपाशी आम्ही दोघं समोरासमोर आलो.

"गणितात तिसापैकी किती?" मी ऐटीत विचारलं.

"बावीस." तो लाजला. "तू सोडवणार म्हणालीस ना... मग मलाच कसंतरी वाटलं. म्हटलं, ही इथे घाम गाळणार आणि मी बसून राहणार? सगळं सोडवलं बघ. तुझं?"

"बारा."

"बावीस?"

"बारा! बहिरा आहेस का? तू सांगितलंस म्हणून सगळीकडे 'सी' मारलं मी!"

तो आधी हसला, मग माझा चेहरा बघून थांबला. तीन विज्ञानं आणि वाचन विसाच्या आसपास होतं, पण कोन-ठोकळे सोडून सरासरी पाचांची धरतात आणि माझी त्या बारामुळे अठरावर घसरली होती. आमच्या गावातल्या कॉलेजला अठरा म्हणजे दारातूनच परत. आणि मला तेच कॉलेज हवं होतं. पप्पा एकटे, गुत्ता एकट्याने सांभाळतात. दुसऱ्या गावी जाणं मला जमणार नव्हतं.

"पुन्हा तोंड दाखवू नकोस," मी म्हटलं.

त्याने शुक्रवारी तोंड दाखवलं. शुक्रवारी आमच्याकडे मासे तळतात आणि अख्खी गल्ली जेवायला येते, त्यामुळे त्याला हाकलताही येईना. तो काउंटरशी बसला, माशाबरोबर बटाट्याचे घावन मागवले आणि म्हणाला, "परीक्षा परत दे."

"कशाला? गणित कोण बघतं?"

"हेडी, मी मूर्खासारखं बोललो होतो."

"मला पटलंय ते. काकाही बरोबर बोलतात."

पडले तरी नाक वर, दुसरं काय! उन्हाळाभर हेच चाललं. तो गणिताची थोरवी गायचा, मी त्याला त्याचंच वाक्य वाढायचे, जादा लिंबाच्या फोडीसकट. पप्पांना तो आवडून गेला. "पोरी, हा मुलगा मासे खायला येत नाही," ते म्हणाले, "काटे काढत बसतो आणि तुझ्याकडे बघतो." मी म्हटलं, मग काट्यांचे पैसे लावा. पण शुक्रवारी मी केस धुवायला लागले होते, हे पप्पांनीही पाहिलं असणारच.

कॉलेजने मला मुलाखतीला बोलावलं, बहुधा बाकीच्या गुणांकडे बघून. ऑक्टोबरातली सकाळ, तळ्यावरून वारा. बाहेरच्या खोलीत आन्सेल आधीच बसलेला, काकाचा कोट घालून. कोट दोन मापं मोठा होता. तो आत जाऊन आला, माझ्याकडे बघून कानापर्यंत लाल झाला आणि निघून गेला.

डॉक्टर बाउमगार्ट म्हणजे चष्म्यावरून बघणाऱ्या बाई. त्यांनी माझी फाइल उघडली.

"गणित येत नाही?"

"येतं."

"मग बारा कसे?"

खोटं बोलायचं ठरवून आले होते. ताप होता म्हणणार होते. पण त्या चष्म्यासमोर जीभ वळेना. "एका मुलाने सांगितलं... की कोणी बघत नाही."

"दिसायला बरा होता?"

"...हो."

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. "अगं, आताच एक मुलगा इथे बसून गेला. त्याला विचारलं, बाकी गुण बेताचे, मग गणितात बावीस कसे? तर म्हणाला, एका मुलीसमोर लाज वाटली." मग हसू गिळून त्या म्हणाल्या, "आता माझं ऐक. नुसतं गणित कोणी बघत नाही, हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण सरासरीत ते पाचातलं एक आहे, आणि सरासरी सगळे बघतात. शिवाय लहान मुलाला भूल द्यायची ती वजनावरून. तिथे काय करशील? 'सी' मारशील?"

मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

"फाइल मी लगेच बंद करत नाही," त्या म्हणाल्या. "शब्द देत नाही हं. पण सरासरी वीस घेऊन ये, मग समितीशी मला भांडता येईल. त्याच्या आत असेल, तर तसदी घेऊ नकोस."

तुकड्यातुकड्याने परीक्षा देता येत नाही. सगळं पहिल्यापासून. नोव्हेंबरच्या त्या शनिवारी बर्फ इतकं पडत होतं की पप्पांची गाडी सुरूच होईना. आन्सेलला मी बोलावलं नव्हतं. पप्पांनी बोलावलं. वाटभर तो एक अक्षर बोलला नाही.

"एवढा गप्प का?" मी विचारलं.

"मागच्या वेळी बोललो होतो, त्याचं काय झालं माहितीये ना."

परीक्षेचं केंद्र आलं. "आता परत जा. उगाच थंडीत थांबू नकोस."

"बरं," तो म्हणाला, आणि गाडी बंद करून तिथेच बसला.

संध्याकाळी मी कागद घेऊन बाहेर आले. गाडीवर बर्फाचा थर, काचेवर आतून वाफ. मी दार उघडून बसले आणि कागद त्याच्या हातात दिला. तो आधी खालचा आकडा बघेल असं वाटलं होतं. पण तो सगळा वाचत गेला, एकेक ओळ, बोट लावून.

"गणित तेवीस!"

"माहितीये."

"सरासरी वीस! हेडी, वीस! बाई भांडणार आता!" तो ओरडला, आणि मग एकदम त्याचं बोट थांबलं. "पण... वाचनात अठरा? तिथे मागे वीस होते. वाचन तर तुझं चांगलं आहे. ते कसं काय पडलं?"

मी हातमोजे काढले. परत घातले.

"हेडी?"

"उतारा होता समुद्रातल्या शेवाळावर," मी म्हटलं. "चार ओळी वाचल्या... आणि वाटलं, हा बाहेर गारठत असेल. परत पहिल्यापासून वाचलं. मग वाटलं, याने काही खाल्लं असेल का. शेवाळ तिथेच राहिलं." माझा आवाज उगाचच चढला. "गणिताला म्हणून दात-ओठ खाऊन बसले, नाहीतर तेही गेलं असतं तुझ्यापायी! आता तरी काही बोल. का मीच सगळं बोलू?"

आन्सेलने कागद नीट घडी करून समोर ठेवला.

"मिनिआपोलिसच्या डेंटल कॉलेजनेही मला बोलावलं होतं," तो म्हणाला. "काल त्यांना नाही म्हणून कळवलं."

"काल? निकालाच्या आधी? आणि आज मी नापास झाले असते तर?"

"तर तू इथेच असतीस. गुत्त्यावर. शुक्रवारी मासे तळत."

मी त्याच्याकडे बघत राहिले. इतका साधा हिशोब, आणि उन्हाळाभर मला तो मांडता आला नव्हता. मग झुकून त्याच्या गालाशी गेले तर त्याचं नाक बर्फासारखं गार लागलं, ओठ मात्र गरम होते.